शेरेबुकातली शाळा आणि वर्गातली शाळा

खडूफळा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवतेय. गेली चार वर्षं मुख्याध्यापक आहे. शाळा पहिली ते पाचवी, पट ७३, शिक्षक तीन. मुख्याध्यापक असले तरी तिसरी आणि चौथी माझ्याचकडे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत मूल्यांकनाचं पथक येणार होतं. शाळा सिद्धी म्हणजे शाळांच्या मूल्यांकनाची सरकारी चौकट, तिची सात क्षेत्रं, ४६ मानकं. प्रत्येक मानकाला आपण कुठल्या स्तरावर आहोत ते ठरवायचं आणि त्याचा पुरावा फाइलीला लावायचा. आम्ही आठवडाभर रोज अंधार पडेपर्यंत कागदपत्रं पुरी करत बसलो होतो. पथक यायचं त्या सकाळी चौथीतला एक मुलगा पायरीवर रडत बसलेला. आईवडील आदल्या रात्री टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते, हा आजीजवळ राहिला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना म्हटलं, "याला जरा मागच्या बाजूला न्या, साहेब येतायत."

मुलांची मानसिक सुरक्षितता हे त्या ४६ पैकी एक मानक आहे. त्यात आम्हाला वरचा स्तर मिळाला. शेरेबुकात, म्हणजे भेटीला आलेले अधिकारी शेरा लिहितात त्या वहीत, छान शेरा आहे, तो आजही शाळेत आहे. तो मुलगा आता आठवीत असेल. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

शालेय व्यवस्थापन पदविका करताना एका प्राध्यापकांनी मला एक अभ्यास वाचायला दिला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी तो मध्य प्रदेशात केला. तिथल्या सरकारने शाळांचा कारभार सुधारायला मोठा कार्यक्रम आखला होता: शाळेचं सविस्तर मूल्यांकन, तिची श्रेणी आणि त्या शाळेपुरता खास सुधारणा आराखडा. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा १७७४ शाळा निवडल्या आणि बाकीच्या शाळांशी त्यांची तुलना केली. मूल्यांकन जवळजवळ सगळीकडे पूर्ण झालं. श्रेणीही खऱ्या निघाल्या, म्हणजे जिला खालची श्रेणी मिळाली ती शाळा खरोखरच मागे होती. पण पुढे ना शाळेच्या कारभारात फरक पडला, ना मुलांच्या शिकण्यात. क्षेत्रीय अधिकाऱ्यांशी बसून बोलल्यावर दिसलं की प्रत्यक्षात वाढले ते अहवाल आणि कागद. तरीही कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि तो देशभरात सहा लाखांहून जास्त शाळांत पोचला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर श्रेणी खऱ्या होत्या हे. दुखणं बरोबर ओळखलं, औषधही लिहून दिलं, आणि गाडी पुढच्या गावाला गेली.

तर माझा प्रश्न असा. तुमच्या पाहण्यातली एखादी शाळा खरंच बदलली असेल, तर तेव्हा नेमकं काय घडलं होतं? शिक्षक, पालक, अधिकारी, अभ्यासक, सगळ्यांनी लिहा. नुसतं "व्यवस्थाच वाईट" असं लिहून थांबू नका, ही विनंती.

दुपारची_सुट्टी

मॅडम, प्रांजळपणे लिहिलंत. पण मी पालक आहे, तर दुसरी बाजू मांडतो. कागद कमी करा हे ठीक. पण कागदही नाही आणि विचारणारंही कुणी नाही, असं झालं तर शिक्षक वर्गात असतील याची हमी काय? मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. होत्याही. पण बैठकीला जायचो तेव्हा इतिवृत्त आधीच लिहून तयार असायचं. आम्ही सह्या करायच्या आणि चहा घ्यायचा. माझी मुलगी चौथीत जोडाक्षरं वाचत नव्हती, आणि हा विषय मी दोन वर्षांत एकदाही बैठकीत काढू शकलो नाही. कारण तो विषयपत्रिकेवर नसायचा.

धूळपाटी

चांगला धागा. मी शिक्षणशास्त्रात संशोधन करते, म्हणून थोडी भर.

दुपारची_सुट्टी, हजेरीची तुमची शंका रास्त आहे. २००३ मध्ये देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन शिक्षकांची गैरहजेरी मोजली होती. देशाची सरासरी सुमारे २५ टक्के निघाली. महाराष्ट्राची सुमारे १५ टक्के, पाहणी झालेल्या राज्यांत सगळ्यात कमी. त्या आकड्यात रजेवर असलेले आणि सरकारी कामाला पाठवलेलेही धरलेले होते. त्यामुळे आपल्याकडे "गुरुजी येतच नाहीत" यापेक्षा "गुरुजी आले, पण शिकवायला वेळ किती मिळाला" हा प्रश्न मोठा आहे असं मला वाटतं.

समितीबद्दल. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेबरोबर एक प्रयोग झाला. गावकऱ्यांना त्यांचे हक्क सांगितले, समितीला तिचे अधिकार सांगितले, आपली मुलं किती मागे आहेत हे गावानेच चाचणी घेऊन पाहिलं. त्यानंतरही ना पालकांचा शाळेतला सहभाग वाढला, ना शिक्षकांचं काम बदललं. पण काही गावांत त्यापुढे एक पाऊल टाकलं होतं. गावातल्याच तरुण मुलामुलींना वाचन शिकवायची सोपी पद्धत शिकवली आणि त्यांनी वाचनवर्ग घेतले. त्या वर्गांना गेलेली मुलं वाचायला लागली. तुम्ही बैठकीत बोलू शकला नाहीत, हा तुमचा दोष नव्हता. बैठकीतून मूल वाचायला शिकेल अशी कुठली सोयच तिथे नव्हती.

केंद्रातला_माणूस

मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा अधिकारी. नऊ वर्षं केंद्रप्रमुख होतो. सुरुवातीला १३ शाळा होत्या, शेवटची तीन वर्षं शेजारच्या केंद्राचा कार्यभारही माझ्याकडे, म्हणजे एकूण २७ शाळा.

केंद्र ही कल्पना कुठून आली हे आता फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आधी तेवढं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाने शाळा संकुल सुचवलं. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींना धरून चालायचं. साहित्य, ग्रंथालय, चांगला शिक्षक वाटून घ्यायचा. हेतू एकच, छोट्या शाळेचं एकटेपण मोडायचं. पुढे राज्यात ४८६० केंद्रं झाली ती याच विचाराची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आलं आहे.

माझ्या हातात मात्र एकटेपण मोडायचं काम फार थोडं राहिलं. रोज सकाळी फोन उघडला की "माहिती तात्काळ सादर करा". आज आधार नोंदणी, उद्या पोषण आहाराचा साठा, परवा अमुक दिनाचे फोटो. मी तेच संदेश २७ मुख्याध्यापकांना पुढे पाठवायचो, संध्याकाळी गोळा करून वर पाठवायचो. शाळाभेटीत हजेरी, टाचण (पाठाच्या तयारीची नोंद), पोषण आहाराची नोंदवही बघायची, शेरा लिहायचा, निघायचं.

आता मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर. शाळा बदललेली मी एकदा पाहिली, आणि तीही कार्यभार वाढायच्या आधी. एका वस्तीशाळेत तरुण शिक्षक होता, मेहनती, पण दुसरीचं एकही मूल वाचेना. मी दर बुधवारी तिथे जायचं ठरवलं. पहिले दोन बुधवार तो घाबरून नमुना पाठच घेत होता. तिसऱ्या बुधवारी मी म्हटलं, आज मी शिकवतो, तू बघ. माझा पाठ साफ फसला. बरीच वर्षं वर्गाबाहेर होतो, मुलं माझ्या हातात राहिनात. मग आम्ही दोघं जेवायच्या सुट्टीत ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदा खरं बोललो. त्याला कळत होतं की तो अक्षरं क्रमाने शिकवतोय, पण शब्द काही होत नाहीत. मग "कमळ, मगर, गवत" असे थोड्या अक्षरांत पुष्कळ शब्द होतील असे गट केले, घरचं बोलणं वर्गात आणलं, फलकलेखन बदललं. दिवाळीनंतर १४ पैकी ११ मुलं वाचत होती. मी त्या शाळेच्या शेरेबुकात या सगळ्याबद्दल काय लिहिलं होतं ते नंतर पाहिलं. "शाळा भेट दिली. समाधानकारक."

धूळपाटी

काका, तुमचा फसलेला पाठ ही या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. कारण सांगते.

मुलं इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवायची आणि तिथून पुढे न्यायची, ही 'प्रथम'ची पद्धत मुंबई-वडोदऱ्याच्या बालसखी वर्गांपासून तपासली गेली आहे. स्थानिक तरुणींनी घेतलेल्या वर्गांत मुलं शिकली. मग सरकारी शिक्षकांकडून ते होईल का, हे बघितलं. बिहारमध्ये शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तेवढ्याने शाळेच्या वेळेत काहीच बदललं नाही. पण तिथलेच सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात शिकवायला आले, तेव्हा मुलं पुढे गेली. म्हणजे शिक्षकाला येत होतं, शाळेच्या दिवसात त्या कामाला जागा नव्हती.

मग २०१२-१३ मध्ये हरियाणात दोन गोष्टी केल्या. एक, शाळेच्या वेळापत्रकात रोजचा एक तास फक्त याच कामाला राखून ठेवला. दोन, शाळांवर देखरेख करणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांना, म्हणजे तुमच्यासारख्यांनाच, आधी १५ ते २० दिवस स्वतः मुलांना शिकवायला लावलं. त्यानंतरच ते शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

त्या ओट्यावर तो शिक्षक तुमच्याशी खरं बोलला, कारण पाठ तुमचाही फसला होता.

नवा_गुरुजी

मी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागलो, नोकरीचं दुसरं वर्ष. गडचिरोली जिल्ह्यात आहे. प्रशिक्षणाबद्दल बोलायचंय.

नव्या धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास सांगितलाय. आमच्याकडे त्यातलं बरंचसं मोबाइलवर येतं. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. शाळेत रेंज नाही. मी गावाबाहेर टेकाडावर जाऊन व्हिडिओ लावायचो आणि तिथेच वह्या तपासायचो. प्रमाणपत्रं सगळी आहेत. पण माझ्या वर्गात अर्धी मुलं घरी गोंडी बोलतात. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं आहे. त्यांना पहिलीत कसं सुरू करायचं, हे मला एकाही व्हिडिओत मिळालं नाही. ते मला शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. त्या आधी गोंडीत गोष्ट सांगतात, मग तीच मराठीत.

मला प्रशिक्षण हवंय. खूप हवंय. फक्त माझा वर्ग बघून कुणी तरी सांगावं, एवढंच.

धूळपाटी

नवा_गुरुजी, तुम्ही म्हणता तेच दक्षिण आफ्रिकेत मोजून पाहिलंय. नॉर्थ वेस्ट प्रांतात घरी सेत्स्वाना बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत, एका गटातल्या शिक्षकांना मध्यवर्ती ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला तेच पाठ आणि तेच साहित्य, पण मार्गदर्शक महिन्यातून वर्गात येऊन बघायचा आणि शिक्षकाशी बोलायचा. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनातली प्रगती पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट होती.

पुढे दुसऱ्या एका प्रांतात प्रत्यक्ष येणारा मार्गदर्शक आणि टॅबलेटवरून बोलणारा मार्गदर्शक अशी तुलना झाली. तीन वर्षांनी प्रत्यक्ष भेटींमुळे इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं. टॅबलेटमुळे बोलण्यात थोडा फरक पडला, वाचनात अजिबात नाही, आणि घरच्या भाषेचं वाचन तर मागे गेलं, कारण तिचा वेळ इंग्रजीने खाल्ला. तंत्र बिघडलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाचा आधार आणि धाक, दोन्ही कमी पडले.

हे स्वस्त नाही, हेही लिहायला हवं. वर्गात बसणारा माणूस नेमावा लागतो, त्याला पगार आणि प्रवासखर्च द्यावा लागतो. पण आपल्याकडे केंद्रप्रमुख हे पद आधीच आहे. त्या पदाचा वेळ कशात जातो, तेवढं बदलायचंय.

मांडवीकाठ

मी गोव्यात शाळा समुपदेशक म्हणून काम करते. खडूफळाताई, तुमच्या त्या पायरीवरच्या मुलाबद्दल लिहायला आलेय. धागा वाचनाकडे वळला, आणि तो मुलगा मागेच राहिला.

आमच्या गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत एक कार्यक्रम करून पाहिला, 'सेहर' नावाचा. शाळांचे तीन गट केले. एका गटात प्रत्येक शाळेला एक 'मित्र' दिला. हा मानसशास्त्रज्ञ नव्हे, पूर्वी या क्षेत्रात काम न केलेला, पण प्रशिक्षण दिलेला माणूस. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या एका शिक्षकाला दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचं चालू ठेवलं. काम तसं साधंच. परिपाठात एखाद्या विषयावर बोलायचं, भित्तिपत्रक काढायचं, मनातलं लिहून टाकायला पेटी ठेवायची, मुलामुलींचे गट करायचे आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बसून बोलायचं.

२०१८ मध्ये निकाल आले. 'मित्र' असलेल्या शाळांत वातावरण खूप सुधारलं. मुलांना शाळा आपली वाटू लागली, नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. दोन्ही वर्षी.

हे मी शिक्षकांना कमी लेखायला सांगत नाही. उलट आहे. ज्याच्या अंगावर आधीच सात कामं आहेत त्याच्यावर आठवं टाकलं, की ते होत नाही, याचा हा पुरावा आहे. आणि पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या मुलीला हेही माहीत असतं की पेटी उघडणारा माणूसच उद्या गणिताचे गुण देणार आहे.

खडूफळा

मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरं वाटलं आणि अस्वस्थही झाले. माध्यमिकचं पटतं. पण प्राथमिकमध्ये तिसऱ्या शिक्षकाची जागाच रिकामी असते, तिथे मित्र कुठून आणायचा? आमच्याकडे आठ-नऊ वर्षांचं पोर वर्गशिक्षिकेच्याच पदराला धरून बोलतं. आता आनंददायी शनिवार आलाय, तो मला आवडतो. मुलं मातीत खेळतात, गातात, मोकळी होतात. पण शनिवारीसुद्धा फोटो काढून पाठवायचे असतात, आणि मी फोन धरून उभी असते.

मांडवीकाठ

ताई, लहान मुलांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथे पहिला माणूस वर्गशिक्षिकाच. म्हणून मी मित्र नेमा असं तिथे म्हणणार नाही. एकच म्हणेन, रोजची दहा मिनिटं अशी असू द्या की ज्यात तुमच्या हातात काहीच नाही. फोन नाही, हजेरी नाही, टाचण नाही. मुलं शाळेत शिरतात तेव्हाची असली तर उत्तम. कोण कसं आत येतंय हे बघायचं. एखादं मूल गप्प दिसलं तर "काय झालं?" असं सगळ्यांदेखत विचारू नका, त्याला सांगायला अवघड जातं. त्याला काही तरी छोटं काम द्या, फळा पुसायचं, कुंडीला पाणी घालायचं, आणि शेजारी उभ्या राहा. मुलं काम करताना बोलतात. आणि स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी दिवाळीच्या आधीच करून ठेवा. कोण मागे राहणार, कुणाजवळ राहणार, हंगामी वसतिगृहाची सोय लागेल का. मूल रडल्यावर शोधायला लागू नका.

दुपारची_सुट्टी

यादीचं काम समितीतल्या महिला करू शकतील. त्यांना घरोघरचं माहीत असतं. या कामासाठी बैठक बोलावली असती तर मी दोन वर्षांत चार वेळा बोललो असतो.

नवा_गुरुजी

अशैक्षणिक कामांबद्दल एक प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं सांगता येतात ना? मग बाकीच्यांना नाही म्हणता येतं का? नवीन माणसाला भीती वाटते.

केंद्रातला_माणूस

बाळा, कायद्यात तसंच आहे. पण बरीचशी कामं "शाळेचीच माहिती" या नावाखाली येतात, तिथे कलम लागू पडत नाही. एकट्याने नाही म्हणू नकोस. केंद्रातल्या सगळ्यांनी मिळून महिनाभर नोंद ठेवा, कुठली माहिती किती वेळा मागितली, त्यात शिकवायचे किती तास गेले. तारखेसह. तोच कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवा. मी नोकरीत असताना असा कागद कुणी माझ्यासमोर ठेवला असता, तर मला वर भांडायला बळ आलं असतं.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, आमच्या शाळेत आहे. दरवेळी मान्यवरांचं स्वागत, मार्गदर्शन, सूचनावाचन यातच दिवस जातो. या वेळी केंद्रप्रमुखांना विचारून सकाळचे दोन तास वर्गात घेणार आहे. तिसरीत माझी नऊ मुलं अजून वाचत नाहीत. मी पाठ घेईन, बाकीचे शिक्षक मुलांच्या रांगेत बसतील, प्रत्येकाने दोन मुलांकडे लक्ष ठेवायचं. नंतर फक्त त्या मुलांबद्दल बोलायचं, माझ्या फलकलेखनाबद्दल नाही. नोंद महिनाभर ठेवायला आजपासून वही घातली आहे. आणि सकाळची दहा मिनिटं परवापासून सुरू केली. काल एक मुलगी चप्पल हातात धरून आत आली. पट्टा तुटला होता, तिला लाज वाटत होती. एवढंच होतं. पण मला दिसलं.

केंद्रातला_माणूस, काका, तुम्ही त्या परिषदेला याल का? मानधन वगैरे काही नाही. आमच्या नऊ मुलांपैकी दोघांजवळ बसायला कुणीतरी हवंय.

केंद्रातला_माणूस

येतो. तारीख आणि गाव निरोपातून कळवा. आदल्या दिवशीही येईन म्हणतो, त्या नऊ जणांबरोबर आधी ओळख झालेली बरी. खुर्ची नको, गुडघे अजून चांगले आहेत, खाली बसेन. आणि शेरेबुक काढून ठेवू नका.